‘नुसतं खोबरेल लावा’ म्हणणाऱ्यांना

गिनीपिगचे केस जायला लागले, तो मागचा पाय उचलून सारखा खाजवायला लागला, की घरात पहिला सल्ला येतो तो खोबरेल तेलाचा. त्यात कापूर कुटून घाला, हा दुसरा. मग कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ, हळदीचा लेप, आणि ज्यांचं गाव अजून सुटलेलं नाही त्यांच्याकडून करंजाचं तेल किंवा तंबाखूचं पाणी. या सल्ल्यांच्या पाठीशी जो युक्तिवाद असतो तो ऐकायला मोठा समंजस वाटतो. घरचंच आहे, नैसर्गिक आहे, गुण आला तर आला, नुकसान तर काही नाही ना! शिवाय एवढ्याशा प्राण्यासाठी डॉक्टरची फी, तपासण्या, औषधं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि शेवटी हुकमाचं पान: कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना गिनीपिगमधलं काय कळतं? अमक्यांकडे इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी मेला की!

यातलं शेवटचं विधान सर्वस्वी खोटं नाही, म्हणून त्याचा विचार नंतर सावकाश करू. आधी ‘नुकसान तर काही नाही’ याचा समाचार घेतो, कारण सगळं त्यावर उभं आहे.

कापरापासून सुरुवात करू. देवापुढे जळणारी ती वडी लहान मुलानं गिळली तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारून पाहा. कापूर कातडीतूनही शोषला जातो. त्यातून गिनीपिग हा आपलं अंग जिभेनं आणि दातांनी साफ करणारा प्राणी. त्याच्या पाठीवर सकाळी जे चोळाल त्यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेलं असतं. आता रोग कोणता आहे ते बघा. गिनीपिगला होणारी सगळ्यांत जाचक लूत ट्रिक्सॅकॅरस केव्हिए नावाच्या किड्यामुळे होते. १९७२ साली शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. माणसाच्या खरजेच्या किड्याचा हा भाऊबंद, साध्या डोळ्यांना न दिसणारा, कातडीत बिळं करून राहणारा आणि तिथेच अंडी घालणारा. त्याची खाज इतकी अघोरी असते की प्राण्याला नुसतं उचललं किंवा पाठीला बोट लागलं तरी तो आडवा पडून पाय झाडायला लागतो, मान मागे टाकतो. पाहणाऱ्याला वाटतं फेफरं आलं. काही गाभण माद्यांचा गर्भ पडतो, काही प्राणी त्या झटक्यांतच जातात. आधीच अशा काठावर बसलेल्या जिवाच्या अंगावर आपण नेमका झटके आणणारा पदार्थ चोळतो, आणि तो गेला की म्हणतो, आयुष्यच तेवढं होतं.

कडुनिंबाबद्दल मात्र मी सरसकट वाईट बोलणार नाही. कडुनिंबाच्या तेलात किडे मारण्याची ताकद आहे, आणि खरजेच्या किड्यांवर त्याचे प्रयोगही झालेले आहेत. पण ज्याच्यात मारण्याची ताकद असते त्याला मात्रा असते. हेच तेल औषध म्हणून तान्ह्या मुलांना पाजल्यावर त्यांना झटके आल्याच्या, काही दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. तेव्हा दुकानातल्या बाटलीतलं कडुनिंबाचं तेल अंदाजपंचे ओतून अर्ध्या किलोच्या प्राण्याला न्हाऊ घालणं म्हणजे औषधोपचार झाला, असं मला वाटत नाही. तंबाखूच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. निकोटिन हे विष आहे. गोठ्यात आजोबा ते वापरत होते ते चारशे किलोच्या म्हशीवर.

आणि नुसतं खोबरेल? ते विषारी नाही, कबूल. पण दाट केसांत ते राहतं, धूळ आणि पिंजऱ्यातला भुसा धरून ठेवतं, मग त्याचा चिकटा काढायला आंघोळ घालावी लागते, साबण लागतो. ज्याला हात लावला तरी वेदना होतात त्याला आपण बादलीत बुडवतो, आणि पावसाळ्यात त्याचे केस नीट वाळतही नाहीत. या सगळ्यात दोन-तीन आठवडे निघून जातात. तेलाचं खरं नुकसान हे असं आडवाटेनं येतं.

‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुठल्या पदार्थानं कातडीला ॲलर्जी येते हे शोधायला शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात प्राणी निवडला तो हाच. रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनरनं १९३०च्या दशकात गिनीपिगच्या कातडीवर हे प्रयोग केले. १९६९ साली मॅग्नुसन आणि क्लिगमन यांनी गिनीपिगवरची जी चाचणी बसवली, ती पुढे कित्येक वर्षं जगभर प्रमाण मानली गेली. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद झाली ती २०१४ मध्ये. ज्या कातडीवर जगानं आपली क्रीमं आधी लावून पाहिली, तिला काही होत नाही असं आपण घरबसल्या ठरवून टाकतो.

‘पण आमच्याकडे तर तेलानंच बरं झालं!’ झालं असेल. गिनीपिगचं गजकर्ण तरुण, खात्यापित्या प्राण्यात काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपलं आपण ओसरू शकतं. ते ओसरायला लागतं त्या आठवड्यात हातात तेलाची बाटली असेल तर श्रेय तेलाला, हळद असेल तर हळदीला. लुतीतही तेलानं खपल्या मऊ पडून गळतात, खालची गुलाबी कातडी दिसते, घरच्यांना हायसं वाटतं. किडा आत जिवंतच असतो. आणि ज्यांच्याकडे तेलानं बरं झालं नाही ते ही हकीकत उत्साहानं चार लोकांना सांगत फिरत नाहीत. त्यांचा पिंजरा माळ्यावर गेलेला असतो.

खरा घोटाळा तेलाच्याही आधीचा आहे. ‘खाज’ किंवा ‘केस जाणं’ हा आजार आहे असं आपण गृहीत धरतो. गिनीपिगचे केस निदान अर्धा डझन कारणांनी जातात, आणि त्यांतल्या एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, असा प्रकार होतो.

केस कुठले गेलेत, हे आधी पाहायला हवं. कानांच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटाच्या पेराएवढी कातडी उघडी दिसते का? ती प्रत्येक गिनीपिगला जन्मापासून असते. तिथे रोज मलम लावणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्या मलमाचा गुण येत नाही म्हणून मलम बदलणारीही. नाकावर, डोळ्यांभोवती, कपाळावर गोलसर चट्टे, त्यावर पांढुरका कोंडा, खाज बेताचीच, आणि प्राणी नुकताच दुकानातून आणलेला किंवा वयानं लहान, तर संशय गजकर्णाचा. पाठीवर, खांद्यांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला जाड पिवळट खपल्या आणि प्राणी स्वतःलाच चावत सुटलेला, तर लुतीचा. केसांच्या मुळांशी काहीतरी चालताना दिसतंय, तर उवा. दीड-दोन वर्षांपुढची मादी, दोन्ही कुशींवरचे केस अगदी सारखे गेलेत, कातडी मात्र स्वच्छ, खाज नाही, खपली नाही, तर तिच्या बीजकोशात गाठी झालेल्या असण्याची शक्यता मोठी. या शेवटच्या प्रकारात लोक महिनोन् महिने तेल आणि कांद्याचा रस चोळत बसतात. तिला हवी असते सोनोग्राफी, आणि मग शस्त्रक्रिया किंवा संप्रेरकांची इंजेक्शनं. कुशीवर केस येत नाहीत हे त्यातलं सगळ्यांत किरकोळ. गाठी आत वाढत असतात.

आणि मग क जीवनसत्त्व. गिनीपिगच्या शरीरात, आपल्यासारखंच, ते तयार होत नाही. त्यासाठी लागणारं विकरच त्याच्याकडे नाही. १९०७ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघा संशोधकांनी बेरीबेरीचा अभ्यास करायला गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. बेरीबेरी झाली नाही, झाला तो खलाशांचा जुना रोग, स्कर्व्ही. स्कर्व्हीचा प्रयोगशाळेतला अभ्यास सुरू झाला तो इथून. आपल्याकडे घरोघरी काय चालतं? बाजरी, गव्हाचे दाणे, पोळीचा तुकडा, आणि ‘भाजीपण खातो हो’ म्हणून काकडी नि गाजर. यांत क जीवनसत्त्व नावालाच. मोठ्या गिनीपिगला रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, गाभण किंवा आजारी असेल तर त्याहून जास्त. ते मिळालं नाही की केस राठ होतात, कातडीला कोंडा सुटतो, जखमा भरत नाहीत, सांधे दुखतात म्हणून तो एका कोपऱ्यात बसून राहतो आणि उचललं की किंचाळतो. लोक म्हणतात, हल्ली चिडचिडा झालाय. ढोबळी मिरचीचा एक तुकडा रोज दिला असता तर बहुतेक वेळा ही पाळीच आली नसती. पाण्यात थेंब टाकून देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की उजेडात आणि हवेत ते जीवनसत्त्व भराभर नासतं. तयार खाद्याच्या पिशवीतलंही काही महिन्यांत उतरतं. पिशवीवर तारीख असते ती वाचावी.

हे वाचून कोणी म्हणेल, झालं, आता घरीच ओळखता येईल. नाही. मी वर ‘संशय’ आणि ‘शक्यता’ असे शब्द जाणूनबुजून वापरले आहेत. दोन गोष्टी एकदम असू शकतात, आणि अनेकदा असतातही: क जीवनसत्त्व कमी पडलेल्या अशक्त प्राण्यावर लुतीचा किडा अनेकदा उलटतो. तोवर तो किडा अंगावर असूनही गप्प असू शकतो. म्हणून कातडी ब्लेडनं हलकेच खरवडून, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. कधी किडा खोल असल्यानं एका खेपेला सापडतही नाही. गजकर्णासाठी केस उपटून तपासावे लागतात, बुरशी वाढवून पाहावी लागते. अतिनील दिव्याखाली चमकतं का पाहून निकाल देऊ नये, कारण गिनीपिगच्या गजकर्णाची बुरशी सहसा त्या दिव्याखाली चमकत नाही.

न तपासता क्रीम लावण्याचा धोका तर आपल्याच देशानं भोगला आहे, तोही माणसांवर. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड एकाच नळीत भरलेली मलमं आपल्याकडे औषधाच्या दुकानात मागितली की मिळत आली. लाली दोन दिवसांत जाते, खाज थांबते, बुरशी मात्र मोकाट पसरते. २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइडची अशी क्रीमं चिठ्ठीशिवाय विकण्याला कायद्यानं अटकाव केला. २०२० मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या एका नव्या बुरशीचं नामकरण झालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात भारत आहे तो कौतुकानं नव्हे. तीच अर्धी वापरलेली नळी फ्रिजच्या दारात असते आणि गिनीपिगच्या नाकावरच्या चट्ट्याला लावली जाते. गजकर्ण प्राण्याकडून माणसाला होतं, मुलांना तर पटकन होतं. त्याला रोज छातीशी धरणाऱ्या पोराच्या मानेवर चट्टा उठला की मग आपण त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो आणि जी फी वाचवली होती ती तिथे भरतो.

यापेक्षाही घातक आहे घरात उरलेली प्रतिजैविकाची पट्टी. खाजवून जखम झाली, पू दिसला, मग मुलाच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप दोन थेंब पाजलं. गिनीपिगचं पचन मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतल्या जंतूंवर चालतं. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटातून दिली की ते उपकारक जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियमसारखे विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत जुलाब होऊन मरू शकतो. मुरुमांवर लावायच्या क्लिंडामायसिनच्या जेलचीही हीच गत, चाटून पोटात गेलं की. वैद्यकाच्या इतिहासात हे एक विलक्षण वळण आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी या संशोधकानं पेनिसिलिनची पहिली निर्णायक चाचणी घेतली ती आठ उंदरांवर. औषध दिलेले चार जगले, न दिलेले चार मेले. पुढे तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, पेनिसिलिन गिनीपिगला मारक आहे हे छापून आलं. त्या दिवशी टेबलावर उंदरांऐवजी गिनीपिग असते तर कदाचित पेनिसिलिन विषारी म्हणून बाजूलाच पडलं असतं. करोडो माणसांना वाचवणारं औषध या प्राण्याला मारतं, ही गोष्ट ऐंशी वर्षांपासून माहीत आहे. आणि आपल्याला ती अजून स्वयंपाकघरातल्या औषधाच्या डब्यापाशी आठवत नाही.

इथवर वाचून तेलाला नाकं मुरडणारे ‘आधुनिक’ पालक खुशीत आले असतील. त्यांच्यासाठी पुढचा परिच्छेद. या मंडळींचा एकच मंत्र असतो: आयव्हरमेक्टिन. औषध उत्तम आहे, लुतीवर अक्षरशः जीव वाचवणारं आहे. त्याचा शोध लावणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही. पण गजकर्णावर ते निरुपयोगी, स्कर्व्हीवर निरुपयोगी, बीजकोशातल्या गाठींवर निरुपयोगी. आणि जिथे उपयोगी आहे तिथे हिशेब बघा. जनावरांच्या दुकानात मिळणारं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं: १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. गाईला ते ५० किलो वजनामागे १ मिलिलिटर देतात. गिनीपिगची मात्रा पुस्तकांतून किलोमागे साधारण ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिलेली असते. ४०० ग्रॅमचं पिल्लू घ्या आणि किलोला ०.४ धरा, त्याला लागणार ०.१६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१६ मिलिलिटर. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २० थेंब बसतात. म्हणजे एका थेंबात झाले ०.५ मिलिग्रॅम, आणि पिल्लाला हवा त्या थेंबाचा तिसरा हिस्सा! ‘दोन-तीन थेंब पाजा, काही होत नाही’ हा सल्ला सहा ते नऊपट मात्रेचा सल्ला आहे. लटपटणं, थरथरणं, गुंगी आणि मग काय ते. पाण्यात पातळ करून द्यावं तर ते पाण्यात नीट मिसळत नाही. एका सिरिंजमध्ये काहीच नाही आणि दुसरीत सगळंच, असं होतं. काही बाटल्यांत आयव्हरमेक्टिनच्या जोडीला दुसरं औषधही असतं, तेही गाईगुरांसाठी. हे काम वजन घेऊन, योग्य द्रावणात पातळ करून, डॉक्टरनंच करायचं आहे.

शिवाय एका इंजेक्शननं काम संपत नाही. औषध किडे मारतं, अंड्यांना काही करत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तेवढ्या दिवसांनी, साधारण एक-दोन आठवड्यांच्या अंतरानं, पुढच्या मात्रा द्याव्याच लागतात. पिंजऱ्यात बरोबर राहणाऱ्या सगळ्यांना द्याव्या लागतात, ते खाजवत नसले तरी. भुसा, गवत, कापड बदलावं लागतं. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली की दुसरी बुडवणारे लोक मग ‘औषधाला गुण नाही’ म्हणून परत तेलाकडे वळतात. आणि कुत्र्याच्या पिसवांसाठीचा स्प्रे कोणी मारू नये: त्यातल्या फिप्रोनिलनं ससे दगावल्याच्या नोंदी आहेत, गिनीपिगच्या बाबतीतही तो धोका पत्करण्याचं कारण नाही. गोचीड मारायच्या औषधाचा तर विचारही नको.

आता तो हुकमाचा एक्का. डॉक्टरांना गिनीपिगमधलं कळत नाही.

यात तथ्य आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. आपलं पशुवैद्यकीय शिक्षण गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती उभं राहिलं. १८८६ साली परळला मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं तेव्हापासून ते तसं आहे, आणि शेतकऱ्यांच्या राज्यात तसंच असायला हवं होतं. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने नंतर वाढले. ससे, गिनीपिग, पोपट बघणारे डॉक्टर मुंबई-पुण्यात शोधले तर मिळतात, बाकी ठिकाणी मुश्किलीनं. कुत्र्यांना सवयीनं लिहून द्यायचं अमॉक्सिसिलिन कुणी गिनीपिगलाही लिहून देतं, हेही घडतं. ‘इंजेक्शन दिलं आणि मेला’ या गोष्टींतल्या काही खऱ्या असतील. पण त्यातले किती जण महिनाभर तेल लावून, झटके सुरू झाल्यावर, खाणं सुटल्यावर दवाखान्यात पोचले होते, हे त्या गोष्टीत कधी सांगितलं जात नाही.

आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गिनीपिग माहीत नसेल, पण लूत माहीत आहे. शेळ्यांची, वासरांची, कुत्र्यांची लूत बघण्यात त्यांची हयात गेली आहे. कातडी खरवडून काचपट्टी करणं त्यांच्या हाताला सवयीचं आहे. हा किडाही त्यांना ओळखू येईल, कारण तो खरजेच्या किड्यासारखाच दिसतो. त्यांना अडेल ते मात्रेपाशी आणि औषधाच्या निवडीपाशी, आणि तिथे तुम्ही मदत करू शकता. प्राण्याचं वजन ग्रॅममध्ये सांगा. घरात मसाल्यासाठी जो वजनकाटा आहे तो चालतो, टोपलीसकट ठेवून टोपलीचं वजन वजा करा. विचारा की प्रतिजैविक पेनिसिलिनच्या किंवा क्लिंडामायसिनच्या जातीचं तर नाही ना. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे पर्याय असतात, ते त्यांना माहीत असतातच. विचारा की पुढची मात्रा कधी आणि जोडीदारालाही द्यायची का. शस्त्रक्रियेची वेळ आली तर सांगा की हा प्राणी ओकू शकत नाही आणि त्याला रात्रभर उपाशी ठेवणं घातक आहे. शंका असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या महाविद्यालयांत ओळखीच्या सहकाऱ्याला फोन करा, अशी विनंती करा. असं नम्रपणे विचारल्यावर रागावणारे डॉक्टर थोडे. रागावलेच तर दुसरे शोधा. पण डॉक्टर नवखा आहे म्हणून उपचार शेजारच्या काकूंकडे सोपवायचे, हा न्याय माझ्या डोक्यात शिरत नाही. काकूंनी तर काचपट्टीही पाहिलेली नसते.

राहिला खर्च. पैशाची अडचण खरी असते, तिची थट्टा करणार नाही. मात्र प्राण्याच्या दुकानातली किंमत आणि त्याच्या वेदनेची किंमत एकच, असं जे ‘चार आण्याची कोंबडी’वाले सुचवतात, ते कायद्यालाही धरून नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम सांगतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याच्या भल्याची आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत याची काळजी घ्यायची. हा प्राणी किती रुपयांना आणला, असं ते कलम विचारत नाही. आणि हिशेबच करायचा तर सुरुवातीला एक खरवड-तपासणी आणि दोन-तीन इंजेक्शनं, यांचा खर्च पुढच्या जखमांच्या, प्रतिजैविकांच्या आणि घरातल्या माणसांच्या औषधांच्या खर्चापेक्षा बहुधा कमीच भरतो. ज्याला हाही परवडत नाही त्यानं गिनीपिग पाळू नये, हे कडू वाटलं तरी मी म्हणेन. मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून जोडी आणणाऱ्यांनी तर हे आधीच स्वतःला विचारून घ्यावं.

तेव्हा कळकळीची विनंती इतकीच. खाज दिसली की पहिल्या दिवशी काहीही लावू नका. वजन घ्या, चट्ट्यांचे नीट उजेडात फोटो काढा, ढोबळी मिरची सुरू करा आणि डॉक्टरची वेळ घ्या. झटके येत असतील किंवा त्यानं बारा तासांत काही खाल्लं नसेल तर वेळ न घेताच निघा. आणि याआधी घरी काही लावून झालं असेल, कापूर म्हणा, मलम म्हणा, गोचिडाचं औषध म्हणा, तर लाज न बाळगता ती बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.